जयंतीचा बॅनर पोर्टफोलिओत का नाही?

गेल्या काही महिन्यांत आम्ही आमच्या परिचयातल्या, फ्रीलान्स काम करणाऱ्या मुलामुलींचे ऑनलाइन पोर्टफोलिओ बारकाईने पाहिले. कुणी बिहान्सवर, कुणी विक्सवर, कुणी ॲडोबी पोर्टफोलिओवर, तर कुणी कॅनव्हावरच एक पान बांधून त्याची लिंक व्हॉट्सॲपला ठेवलेली. कामात सफाई आहे, रंगांची जाण आहे. पण एक गोष्ट जवळपास सगळीकडे सारखी दिसली आणि ती आम्हाला टोचली. या पोर्टफोलिओंमध्ये कॉफी शॉपचे लोगो आहेत आणि ते कॉफी शॉप कुठेच अस्तित्वात नाही. बुटांच्या जाहिराती आहेत आणि त्या कोणत्याही कंपनीने मागितलेल्या नाहीत. ज्या कामावर या मुलांचा हात बसला, ते काम मात्र शोधूनही सापडत नाही. १४ एप्रिलचे बॅनर नाहीत. धम्मचक्र प्रवर्तन दिनाची पोस्टर्स नाहीत. मंगल परिणयाच्या पत्रिका नाहीत, गायन पार्टीच्या यूट्यूब चॅनलची थंबनेल्स नाहीत, सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर विकल्या जाणाऱ्या कॅलेंडरांची चित्रे नाहीत, वस्तीतल्या वाचनालयाच्या स्मरणिकेचे मुखपृष्ठ नाही.

विचारले तर उत्तर एकच, थोडे खाली बघून दिलेले: "दादा, ते लावलं की कळतं."

काय कळते, हे विचारायची गरज नव्हती.

आमचे म्हणणे सरळ आहे. फ्रीलान्सरला ऑनलाइन पोर्टफोलिओ हवाच. आजच्या काळात तोच त्याचा अर्ज, तेच दुकान आणि तेच प्रमाणपत्र. पण तो बांधताना आपली मुले आपले सर्वांत कसदार काम स्वतःच्या हाताने गाळत असतील, तर हा प्रश्न केवळ करिअर मार्गदर्शनाचा राहत नाही, तो चळवळीचा होतो. आणि त्याची जबाबदारी त्या मुलांपेक्षा आपल्या संघटनांवर, मंडळांवर आणि संस्थांवर जास्त येते.

आधी ही साधने काय आहेत ते थोडक्यात. पोर्टफोलिओ बांधून देणाऱ्या साइट्स म्हणजे तयार साचे. कोड न लिहिता चित्रे ओढून टाकायची, मजकूर भरायचा, पान तयार. बिहान्स फुकट आहे आणि तिथे जगभरचे डिझायनर एकमेकांचे काम पाहतात. ती कंपनी २०१२ पासून ॲडोबीच्या मालकीची आहे. ॲडोबी पोर्टफोलिओ हे फोटोशॉप वगैरेच्या पैसे भरून घेतलेल्या सबस्क्रिप्शनसोबत मिळते. विक्सवर फुकट पान होते, पण त्यावर विक्सची जाहिरात राहते आणि स्वतःचे डोमेन जोडता येत नाही. स्क्वेअरस्पेसवर चाचणीचे दिवस संपले की पैसे भरावेच लागतात. हे सगळे वापरायला सोपे आहे आणि सोपे असणे वाईट नाही. ज्या मुलाला कुणी जे. जे.ला घातले नाही, त्याला एका संध्याकाळीत जगासमोर उभे राहता येते, ही लहान गोष्ट नव्हे.

पण साचा तटस्थ नसतो. कुठलेही टेम्प्लेट उघडा. वर मोठे नाव, खाली एक हसरा फोटो, 'माझ्याविषयी' नावाचे पान, आणि त्यात नमुन्यादाखल भरलेला मजकूर: लहानपणापासूनचे चित्रांचे वेड, प्रवासाची आवड, सकाळची कॉफी. हा मजकूर कुणाच्या तरी आयुष्यातून आलेला आहे, आणि ते आयुष्य आपले नाही. आपला मुलगा बारावीनंतर फ्लेक्सच्या दुकानात लागला, मालक जेवायला गेला की त्याच्या कॉम्प्युटरवर कोरलड्रॉ शिकला, आणि दोन वर्षांत मालकापेक्षा पुढे गेला. ही गोष्ट त्या पानावर लिहिण्यासारखी आहे की नाही? आमच्या मते त्या पानावर लिहिण्यासारखी तीच एक गोष्ट आहे. पण तो लिहितो काय, तर 'कॉफीप्रेमी'. आयुष्य टपरीवरच्या कटिंगवर काढलेला माणूस कॉफीप्रेमी होतो! समाजशास्त्रात बोर्द्यूने ज्याला सांस्कृतिक भांडवल म्हटले, ते नेमके हेच: बोलण्याची, आवडीनिवडीची, स्वतःला मांडण्याची वरच्या वर्गाची रीत हीच 'गुणवत्ता' म्हणून चालवली जाते आणि ज्याच्याकडे ती नाही तो तिची नक्कल करत राहतो.

या क्षेत्रात एक वाक्य सतत ऐकू येते: काम बोलते, नाव नाही. हे खरे असते तर आम्हाला आनंदच झाला असता. पण पोर्टफोलिओत काम दिसण्याआधी नाव दिसते. पानाच्या पत्त्यातच ते असते. नावाचे काय होते, याचा पुरावा आपल्याकडे आहे. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले; फरक फक्त अर्जदाराच्या नावात होता. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला पुढे बोलावले जाण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश निघाली, आणि मुस्लिम नावाची त्याहूनही कमी. शिक्षण तेच, पात्रता तीच. अर्ज कागदी होते, एवढाच आजच्याहून फरक.

म्हणून 'ते लावलं की कळतं' ही भीती मनाचे खेळ नव्हेत. आमच्या माहितीतली एक मुलगी लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रे काढते. एका प्रकाशन व्यवसायातल्या माणसाशी तिचे बोलणे ठरत आले होते, नमुना पसंत होता, दराबद्दलही फारशी घासाघीस नव्हती. मग त्याने तिचे पूर्ण पान पाहिले. त्यात सावित्रीमाई, रमाई आणि बाबासाहेबांची तिने काढलेली चित्रे होती. पुढचा प्रश्न दराचा किंवा मुदतीचा नव्हता. 'तुम्ही मूळच्या कुठल्या?' असा होता. त्यानंतर मेसेज थांबले. तिने कारण जातच होते हे कुठे सिद्ध करायचे? नोकरीत निदान कागद असतो, कार्यालय असते, तक्रारीला एखादी समिती असते. फ्रीलान्सिंगमध्ये नुसते उत्तर येईनासे होते, आणि उत्तर न देणे हा कुठल्याच कायद्यात गुन्हा नाही.

हे सगळे मान्य करूनही आम्ही म्हणतो की ते काम गाळू नका, आणि त्याचे पहिले कारण अगदी धंद्याचे आहे. ते तुमचे सर्वांत अवघड काम आहे. कल्पनेतल्या कॉफी शॉपचा लोगो करताना कुणी तुम्हाला अडवले नाही. मजकूर तुमचा, रंग तुमचे, वेळ तुमची. आता जयंतीचा फ्लेक्स घ्या. वीस बाय दहा फुटांचा आकार. मजकूर रात्री नऊला हाती आला, सकाळी सहाला चौकात लागायला हवा. साठ चेहरे बसवायचे, त्यातले निम्मे फोटो व्हॉट्सॲपवरून दाबून बारीक होऊन आलेले. शहराध्यक्ष कुठे, वॉर्डाध्यक्ष कुठे, मार्गदर्शक वर की खाली, दोन गटांचे कार्यकर्ते समान उंचीवर दिसले पाहिजेत. (ज्याने तालुकाध्यक्षाचा फोटो चुकून दोन इंच लहान लावला आहे, त्याला मांडणीशास्त्र आणखी कुणी शिकवायची गरज नाही.) आणि या सगळ्या गर्दीत बाबासाहेबांची प्रतिमा हरवता कामा नये, लांबून येणाऱ्या माणसाला तीच आधी दिसली पाहिजे.

त्यात रंगाचा प्रश्न. आपला निळा स्क्रीनवर जसा दिसतो तसा छपाईत उतरत नाही. छपाईच्या चार शाईंमध्ये तो बसवताना मॅजेंटाचे प्रमाण सायनपेक्षा पुरेसे कमी ठेवले नाही, तर निळा जांभळट होतो. जांभळा झेंडा छापून आलेला पाहिल्यावर मंडळात काय वातावरण होते ते आम्ही पाहिले आहे. जो मुलगा वर्षानुवर्षे तो निळा निळाच ठेवतो, त्याला छपाईचा रंग कळतो. ही गोष्ट कुठलाही जाणता क्लायंट पैसे देऊन घेईल, फक्त ती त्याला दिसली पाहिजे.

तेव्हा नुसती चित्रे डकवू नका, त्यांच्यामागची अडचण लिहा. काय मागितले होते, किती वेळ होता, कशात अडले, काय ठरवले, चौकात लागल्यावर कसे दिसले. लावलेल्या फ्लेक्सचा रस्त्यावरून काढलेला फोटो टाका, माणसांच्या उंचीच्या तुलनेत. असे चार प्रकल्प नीट लिहिलेले असतील तर चाळीस लोगोंची रांग लागत नाही. सगळे बॅनर टाकायचे असा याचा अर्थ नाही. पक्षांच्या शुभेच्छांचे घाईत केलेले शेकडो फ्लेक्स कुणीच पाहणार नाही. निवड करा, पण निवडीचा निकष काम असू द्या.

दुसरी गोष्ट लिपीची. या बहुतेक टेम्प्लेट्सच्या डोळ्यासमोर रोमन अक्षर आहे. शीर्षकाची अक्षरे लांब लांब पसरवून ठेवण्याची तिथे फॅशन आहे. तेच मराठीला लावले की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. ओळींमधले अंतर कमी ठेवले की वरची वेलांटी आणि मागच्या ओळीचा उकार एकमेकांत घुसतात. टेम्प्लेटचा इंग्रजी फॉन्ट मराठीला चालत नाही, मग ब्राउझर हाताला लागेल तो फॉन्ट लावतो. जुन्या श्रीलिपीत टाइप केलेला मजकूर तसाच चिकटवला तर पानावर भलतीच चिन्हे उमटतात. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो. मुंबईच्या 'एक टाइप'ने केलेले मुक्त आणि बलू हे देवनागरी फॉन्ट मोफत आणि खुल्या परवान्याचे आहेत, गूगल फॉन्ट्सवर मिळतात, तेथून सुरुवात करा. पानाची भाषा मराठी अशी नोंदवायची सोय जिथे आहे तिथे ती नोंदवा, म्हणजे ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श आहेत त्यात तेच दिसतील, हिंदी वळणाचे नव्हे. नाव आणि मजकूर चित्रात कोरून टाकू नका. चित्रातला मजकूर शोधणाऱ्याला सहजासहजी सापडत नाही आणि दृष्टिहीन माणसाच्या स्क्रीन रीडरला वाचता येत नाही.

हे तांत्रिक वाटेल, पण यात बाजार आहे. आम्ही सामाजिक संस्थांमध्ये काम करतो. आरोग्याची पत्रके, रोजगार हमीची माहितीपुस्तिका, बचत गटांच्या प्रशिक्षणाची पोस्टर्स, ही कामे सतत निघतात आणि मराठी अक्षर नीट बसवणारा माणूस मिळता मिळत नाही. मिळतो तो इंग्रजीत विचार करून मराठी कोंबणारा. आपली मुले वर्षानुवर्षे मराठीतच काम करत आली आहेत आणि पोर्टफोलिओ मात्र शंभर टक्के इंग्रजीत ठेवून आपली ही एकमेव आघाडी घरी ठेवून येतात. इंग्रजी हवेच, बाहेरच्या कामासाठी लागतेच. सोबत मराठी पान ठेवायला कुणी मनाई केली आहे?

आता नावाचा प्रश्न, कारण खरे दुखणे तिथे आहे. वामनदादा कर्डकांच्या गाण्यांच्या शेवटच्या कडव्यात 'वामन' हे नाव गुंफलेले असते. शाहिरीत, भजनात ही नाममुद्रेची जुनी पद्धत आहे. ज्या काळात गाणे गायन पार्टीच्या तोंडातोंडी गावोगाव फिरत होते, कॅसेट नव्हती, हक्काचा कागद नव्हता, त्या काळात कवीने आपले नाव गाण्याच्या शरीरातच असे बसवले की ते काढले तर कडवे मोडावे. आजही आठवीतली पोरगी ते गाणे म्हणते तेव्हा वामनदादांचे नाव तिच्या तोंडून निघतेच. आमच्या दृष्टीने हा आंबेडकरी कलावंताचा पहिला पोर्टफोलिओ आहे, आणि तो कुठल्याही कंपनीच्या सर्व्हरवर नाही.

चित्रांना, मांडणीला, फोटोंना हे भाग्य लाभले नाही. संसदेच्या आवारातला बाबासाहेबांचा पुतळा, १९६७ साली अनावरण झालेला, बोट उंचावून उभा असलेला, आपल्यापैकी प्रत्येकाच्या डोळ्यासमोर आहे. गावोगावचे कितीतरी पुतळे त्याच मुद्रेचे. शिल्पकार ब्रह्मेश वाघ हे नाव किती जणांना ठाऊक आहे? घराघरातल्या तसबिरी कुणी रंगवल्या? आज चौकातल्या फ्लेक्सवर खाली उजव्या कोपऱ्यात नाव असते ते छापणाऱ्या दुकानाचे, मोबाइल नंबरसह. रात्रभर जागलेल्या मुलाचे नाव कुठेच नाही. आणि त्याने सकाळी पैसे मागितले तर आपलेच लोक म्हणतात, "समाजाचं काम आहे, पैसे कसले मागतोस?" मंडप समाजाचा असतो, साउंड समाजाचा असतो, जेवण समाजाचे असते, त्या प्रत्येकाचे बिल चुकते होते. फुकट असते ते फक्त डोके चालवणाऱ्याचे काम. श्रमाला मोल द्या असे आपण इतरांना सांगतो, ते बोलताना आपल्याच वस्तीतल्या डिझायनरच्या नजरेला नजर द्यावी.

म्हणजे बाहेरचा बाजार जात पाहून काम नाकारतो आणि आतला समाज काम घेऊन नाव आणि दाम नाकारतो. मग त्या मुलाने ते काम पोर्टफोलिओत कशाच्या जोरावर लावावे? ज्या कामाची किंमत आपणच शून्य केली, ते काम त्याला लपवण्यासारखे वाटले तर त्यात नवल काय.

कायदा इथे थोडा उपयोगी आहे आणि तो आपल्या मुलांना माहीत नसतो. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार कृतीचा पहिला मालक साधारणपणे ती करणारा असतो. अपवाद आहेत. नोकरीत पगारावर केलेले काम सहसा मालकाचे. पैसे देऊन काढून घेतलेला फोटो, रंगवून घेतलेले चित्र किंवा बनवून घेतलेली फिल्म यांचा हक्क, वेगळा करार नसेल तर, काम सांगणाऱ्याकडे जातो. लग्नाचे फोटो काढणाऱ्या मित्रांनी हे विशेष लक्षात ठेवावे: पोर्टफोलिओत वापरण्याची परवानगी ऑर्डर घेतानाच लिहून घ्या, एका ओळीत का असेना. हक्क कुणाला द्यायचे असतील तर कलम १९ प्रमाणे ते लेखी असावे लागते, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. आणि सर्वांत महत्त्वाचे कलम ५७: हक्क विकून टाकले तरी 'हे मी केले आहे' असे सांगण्याचा अधिकार करणाऱ्याकडेच राहतो. एजन्सीच्या हाताखाली केलेल्या, गुप्ततेचा करार असलेल्या कामाचे मात्र वेगळे आहे. तिथे आधी विचारा, लेखी उत्तर घ्या.

आता घराचा प्रश्न. पोर्टफोलिओ ज्या साइटवर आहे ती साइट तुमची नाही, तुम्ही भाडेकरू आहात. यात नैतिक काही नाही, व्यवहार आहे. पण भाडेकरूने घर खाली करायची तयारी ठेवावी लागते. याहूने २००९ मध्ये जिओसिटीज बंद केले आणि लोकांनी हाताने बांधलेली लाखो पाने गेली. मायस्पेसने २०१९ मध्ये मान्य केले की सर्व्हर बदलताना २०१५ पर्यंत लोकांनी चढवलेले संगीत नाहीसे झाले. आणि आपल्याच देशात २९ जून २०२० च्या रात्री टिकटॉकवर बंदी आली. बंदी बरोबर की चूक हा वाद इथे नको. पण गावातली, वस्तीतली, कुठल्याही स्टुडिओच्या दारात उभी न राहिलेली कितीतरी मुले तिथे नाव कमावून होती. सकाळी उठले तर प्रेक्षक गेले, ओळख गेली, आणि ज्यांनी व्हिडिओ मोबाइलमध्ये ठेवले नव्हते त्यांचे कामही गेले. ॲडोबीचे सबस्क्रिप्शन थकले की ॲडोबी पोर्टफोलिओवरचे पान उतरते. विक्सवर बांधलेली साइट उचलून दुसऱ्या सर्व्हरवर नेता येत नाही, नव्याने बांधावी लागते. एखाद्या महिन्याचा हप्ता चुकणे ज्यांच्या घरी नवे नाही, त्यांनी हे आधी वाचावे आणि टेम्प्लेटचे रंग नंतर पाहावेत.

बाबासाहेबांना हे शंभर वर्षांपूर्वी कळले होते. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाला, तेव्हा 'केसरी'ने त्याची पैसे देऊन दिलेली जाहिरातसुद्धा छापायला नकार दिला होता. त्यावर त्यांनी दुसऱ्याच्या दारात जागा मागत बसणे पसंत केले नाही. पत्रे काढली आणि पुढे स्वतःचा भारत भूषण छापखानाही उभा केला. आणि स्वतःचे म्हणजे सुरक्षित, असेही नाही. दादरचे आंबेडकर भवन आणि त्यातला हाच छापखाना, पुढे बुद्ध भूषण झालेला, जून २०१६ मध्ये रात्रीतून पाडला गेला, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. मालकी हवी, आणि प्रतीही अनेक हव्यात. दोन्ही.

त्याचा आजचा अर्थ काढायचा तर खर्च फार नाही. एक डोमेन घ्या, वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आतबाहेर पडते. ते स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर नोंदवा. मामेभावाच्या किंवा एजन्सीच्या खात्यावर नोंदवलेले डोमेन भांडणाच्या दिवशी तुमचे नसते. देवनागरीत पत्ता हवा असेल तर डॉट भारतची सोयही आहे. ते डोमेन आज बिहान्सकडे वळवा, गूगल साइट्सला जोडा, वर्डप्रेसवर पान करा, थोडा कोड येत असेल तर गिटहब पेजेसवर फुकट ठेवा. उद्या घर बदलले तरी पत्ता तोच राहील, हा मुद्दा. मूळ फाइल्स दोन ठिकाणी ठेवा, त्यातली एक जागा इंटरनेटच्या बाहेरची, हार्ड डिस्कसारखी. आणि निवडक कामाची हलकी पीडीएफ मोबाइलमध्ये असू द्या. तालुक्याच्या ठिकाणचा क्लायंट लिंक उघडत नाही, पीडीएफ उघडतो. बिहान्स, इन्स्टाग्राम सोडू नका. तिथे लोक येतात. ते चौकातले फ्लेक्स समजा आणि आपले डोमेन घर समजा.

काही मित्र म्हणतील, हे सगळे ठीक, पण पोट आधी. लॅपटॉपचा हप्ता चालू असलेल्या मुलाला तुम्ही ओळख जाहीर करायला सांगता आणि काम गेले तर तुम्ही देणार का? हा आक्षेप आम्ही हलक्यात घेत नाही. कुणाला कोणते काम दाखवायचे हा ज्याच्या त्याच्या पोटाचा निर्णय आहे. प्रत्येक क्लायंटला वेगळी पीडीएफ पाठवणे हा या धंद्यातला रोजचा रिवाज आहे, त्यात लाज नाही. आडनाव न लावता स्टुडिओचे नाव लावणाऱ्यांनाही आम्ही भेकड म्हणणार नाही. सुरक्षित आडनावाच्या माणसाला हे धैर्याचे धडे फुकट पडतात. पण क्लायंटला न पाठवणे वेगळे आणि स्वतःच्या घरातून काढून टाकणे वेगळे. स्वतःच्या डोमेनवर सगळे काम असू द्या. तिथे ते नसेल तर दहा वर्षांनी तुमच्या हातात फक्त कॉफी शॉप उरेल.

आणि नाव लावून उभे राहिलेले लोक आहेत. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे जगणे कॅमेऱ्यात पकडले, आणि २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मालविका राज यांनी मधुबनी शैलीत बुद्ध आणि बाबासाहेब आणले. विषय लपवून ते मोठे झाले नाहीत. एकेका माणसाच्या यशाने व्यवस्था बदलते असे आम्ही म्हणत नाही. पण आपला विषय लावला तर दार बंदच होते, हेही पूर्ण खरे नाही.

उरते ते संघटनांचे काम. जयंती मंडळांनी, बौद्ध महासभेच्या शाखांनी, वाचनालयांनी, गायन पार्ट्यांनी यंदा तीन गोष्टी कराव्यात, आणि यात एकही अशक्य नाही. डिझाइन करणाऱ्याला मजकूर देतानाच आगाऊ रक्कम द्यावी. फ्लेक्सवर, पत्रिकेवर, व्हिडिओखाली त्याचे नाव छापावे, दुकानाच्या नावाच्या शेजारी. आणि काम झाल्यावर लेटरहेडवर चार ओळींचे पत्र द्यावे: काय काम, कधी केले, किती दिवसांत केले. पोर्टफोलिओत क्लायंटचा अभिप्राय म्हणून हे पत्र लागते, आणि आमच्या माहितीतल्या एकाही मुलाकडे असे पत्र नाही.

जयंतीनंतर मंडळ जमाखर्च मांडते. मंडप, साउंड, लाइट, अन्नदान, हार, परवानगी, असे रकाने असतात. त्यात 'डिझाइन' असा वेगळा रकाना घालून त्याच्यापुढे रक्कम आणि करणाऱ्याचे नाव लिहायला हवे. जयंतीच्या तयारीची पहिली बैठक बसेल, तेव्हा खजिनदाराकडून गेल्या वर्षीची वही मागून घ्या आणि तो रकाना आहे का ते बघा.